तुळशीराम आबांच्या दोन वाट्या

तुळशीराम आबांना चहा कसा झालाय असं विचारलं की ते कप खाली ठेवायचे, आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "मले नोको इचारू." चहाचंच असं नाही, कशाचंही. भाजीत मीठ बरोबर आहे का, आज पाऊस येईल का, शेजाऱ्याने आणलेला बैल कसा आहे, सगळ्याला हेच उत्तर. चिखलीत मी त्यांच्या मुलीच्या, सुनंदाताईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं की माझ्या पंख्याचा आवाज खाली येतो का. त्यावरही तेच. म्हटलं, पंख्याचा आवाज येतो की नाही एवढं सांगायला माणसाचं काय जातं? म्हातारा खडूस आहे, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

ठरवून टाकायची मला वाईट सवय आहे. मी मूळची लोणारची, चिखलीत एका खाजगी क्लासमध्ये गणित शिकवते, आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही हे सगळा क्लास सांगेल. दुसरी सवय मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळाची. पैसे लावायचा खेळ नव्हे, आधीच सांगते, कारण सुनंदाताईंनीही पहिल्यांदा तसंच समजून माझ्याकडे संशयाने पाहिलं होतं. या खेळात आपला तीस पत्त्यांचा संच आपणच बांधायचा, त्याला आम्ही डेक म्हणतो. काही पत्ते सैनिकांचे, ते पटावर उभे राहून लढतात आणि समोरच्याच्या टोकाला पोचले की डाव आपला. काही मंत्रांचे, ते एकदा टाकले की आपलं काम करतात आणि संपतात. प्रत्येक पत्त्याला ठरावीक ऊर्जा लागते. पहिल्या खेपेला आपल्याकडे एक ऊर्जा असते, दुसऱ्या खेपेला दोन, अशी ती वाढत जाते. दर महिन्याला नवे पत्ते येतात, आणि त्यातला कोणता कामाचा, कोणता नुसताच देखणा, हे ओळखण्यातच अर्धा खेळ आहे.

दुपारच्या सुट्टीत मी ओट्यावर बसून टॅबवर खेळायची. आबा शेजारी पाय लांब करून बसायचे. सदऱ्याच्या खिशात मूठभर सोयाबीनचे दाणे कायम असायचे, ते बोटांनी फिरवत राहायचे. खेळ हिंदीत ठेवला होता, त्यामुळे त्यांना तो वाचता येई. दोन महिने ते नुसते बघत होते.

मग त्या चैत्रात 'वणवा' आला. मंत्राचा पत्ता, चित्रात अख्खं रान पेटलेलं. टाकला की पटावरचे समोरच्याचे सगळे सैनिक खलास. मी ओट्यावर अक्षरशः उडी मारली. आमच्या खेळणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये तर दिवाळीच सुरू झाली. त्याच महिन्यात 'माघार' नावाचाही एक मंत्र आला होता, दोन ऊर्जेचा. पटावरचा एक सैनिक उचलून त्याच्या मालकाच्या हातात परत पाठवायचा, बस. मरत नाही, जखमी होत नाही, पुढच्या खेपेला परत येऊन उभा. असल्या पत्त्याला आम्ही कचरा म्हणतो, आणि मी तसं ग्रुपवर ठणकावून लिहिलंही.

आबांनी खेळाबद्दल दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं. वणव्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, हे हातात आलं का लगेच टाकता येते?" मॅडम म्हणायचे आणि अरे-तुरे करायचे, ते दोन्ही त्यांना एकत्र जमायचं. मी म्हटलं, नाही, नऊ ऊर्जा लागते, नवव्या खेपेपर्यंत थांबावं लागतं. "मंग तोवर हे काय करते?" म्हटलं, काही नाही, हातात बसून राहतं. आबांनी खिशातले दाणे खुळखुळवले आणि म्हणाले, "बियान्याच्या पाकिटावरचा फोटो उगवत नाई." मी वैतागून विचारलं, म्हणजे वाईट आहे का हा पत्ता? त्यांनी आभाळाकडे पाहिलं. मले नोको इचारू.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर स्टीलच्या दोन वाट्या होत्या. मी खेळत होते आणि आबा मधूनच एखादा दाणा कधी या वाटीत, कधी त्या वाटीत टाकत होते. तिसऱ्या दिवशी मला उलगडलं. वणवा माझ्या हातात आला की ते एक दाणा काढायचे. पत्ता त्या डावात कामी आला तर तो डाव्या वाटीत, डाव संपेपर्यंत हातात पडून राहिला तर उजव्या. वीस दाणे झाल्यावर त्यांनी दोन्ही वाट्या माझ्यापुढे सरकवल्या. डावीत पाच होते, उजवीत पंधरा. मी गणिताची बाई! आणि मला कधी मोजून बघावंसं वाटलं नव्हतं. वणव्याने जिंकलेले पाच डाव तेवढे मला लख्ख आठवत होते, आणि हातात वणवा धरून हरलेले पंधरा मी सोयीने विसरले होते.

"आबा, तुम्ही तर म्हणाला होतात मला नको विचारू."

"मी कुठं काय बोललो? दाने बोलून राह्यले."

हे सगळं आलं कुठून, ते मला सुनंदाताईंनी सांगितलं. स्वयंपाकघरात, आवाज बारीक करून. साखरखेर्ड्याला आबांचं घर. तिथे पेरणीच्या आधी लोक घरात राखलेलं सोयाबीनचं बियाणं घेऊन आबांकडे यायचे. आबा त्यातले शंभर दाणे काढायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, त्यावर रोज पाणी शिंपडायचे. पाचव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा वर उगवले तर एकच शब्द, "पेर." कमी निघाले तर "बजार दाखव," म्हणजे पेरू नको, विकून टाक. त्या शब्दावर अर्धी शिवारं पेरली जायची.

चार वर्षांपूर्वी आबांच्या पुतण्याने, भगवानने, आणखी पाच-सहा घरांसाठी मिळून एके ठिकाणचं बियाणं घेतलं. आबांनी दाणे टाकले, ऐंशीच्या वर उगवले. पेर म्हणाले. त्यानंतर ती पोती ट्रॉलीतून गावात आली, आणि उतरवताना कुणीतरी वरून फरशीवर फेकली. सोयाबीनचं साल कांद्याच्या पापुद्र्यासारखं नाजूक. आपटलं की आतला कोंब मोडतो आणि बाहेरून काही कळत नाही. वावरात तीन दाण्यांतला एकही धड उगवला नाही, आणि सगळ्यांना दुसऱ्यांदा पेरावं लागलं. कुणी भांडलं नाही. फक्त आठवडी बाजारात, चार लोकांत भगवान म्हणाला, "आबा, तुमच्या भरोशावर पेरलं होतं."

"त्या दिवसापासून आबांनी कशालाच बरं-वाईट म्हटलं नाही," सुनंदाताई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी लोक आले होते गं बियाणं घेऊन. नाही असं नाही. पण हे आत जाऊन झोपले. मग मीच इकडे घेऊन आले. मी रोज विचारते, आबा, चहा कसा झाला? वाटतं, एखाद्या दिवशी चुकून तरी सांगतील."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आबांनी तर ताक पिणंच सोडलं होतं.

वाईट वाटलं मला. पण वाईट वाटलं म्हणून माझं तोंड बंद होतं असं नाही. मे महिन्यात बुलढाण्याला जिल्ह्याची स्पर्धा होती आणि मला ती जिंकायची होती. दोन वर्षं मी उपांत्य फेरीत मार खाऊन परत आले होते. आता आबांच्या वाट्यांत मी माघार घालून बघितली. वीस दाण्यांत डावीकडे सोळा, उजवीकडे चार! त्या कचऱ्याने समोरच्याची चार-चार खेपांची तयारी एका झटक्यात त्याच्या हातात परत दिली होती. आणि आबा आता बोलायचेही थोडं थोडं. "भरल्या वावरात सगळंच बियानं चांगलं दिसते. वावर हातचं जाऊन राह्यलं तवा काय करते, ते पाह्य." खेळ बारा वर्षं खेळणाऱ्यांनी असं नेमकं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, "मग आबा, स्पर्धेला माघार घालू ना? तीन घालते."

"मले नोको इचारू."

माझा पारा चढला. मी म्हटलं, "चुकायची भीती वाटते म्हणून तुम्ही गप्प बसता. पण गप्प बसूनही माणूस चुकतोच, आबा. गावात लोक बियाणं घेऊन दारात आले होते तेव्हा झोपलात, ती नाही का चूक?" बोलून गेले आणि जीभ चावली. आबा उठले, दाणे खिशात टाकले, वाट्या उचलल्या आणि आत गेले. पुढचे सहा दिवस ते ओट्यावर आले नाहीत. मी दोनदा माफी मागायला खाली गेले, तर सुनंदाताईंनी दारातूनच मान हलवली. मी खेळायचं सोडलं नाही, पण एकदाही मजा आली नाही.

स्पर्धा रविवारी होती. शनिवारी सकाळी टॅब उघडला आणि बघते तर खेळ बनवणाऱ्यांनी पत्ते बदललेले. ते असं मधूनमधून करतात. माघारीची ऊर्जा दोनाची तीन केली होती. ग्रुपवर एकच गलका: माघार मेली, वणवा घाला. माझाही धीर सुटला. ओट्यावर बसून मी सुनंदाताईंना सांगत होते की झालं, आता वणवाच घालते, महिनाभराची मोजणी वाया गेली.

आतून आबांचा आवाज आला. "काय बदललं?"

मी सांगितलं. दोनाची तीन. मग आबा बाहेर आले, दोन्ही वाट्या ओट्यावर ठेवल्या आणि बसले. "पोतं हललं," ते म्हणाले. "हललं का परत दाने टाकाचे. काल उगवत होतं म्हणून आज उगवन असं नाई. आन् मेलं असंबी नाई. बस खाली."

सकाळी नऊपासून आम्ही बसलो. सुनंदाताईंनी पोळ्या ओट्यावरच आणून दिल्या. मी खेळत होते आणि आबा दाणे टाकत होते. वीस दाणे व्हायला दुपारचे तीन वाजले. आबांनी डावी वाटी तळहातावर उलटी केली आणि दोनदा मोजली. चौदा. विसात चौदा म्हणजे शंभरात सत्तर. नेमके सत्तर! एक दाणा कमी असता तर 'बजार दाखव' म्हणून सुटले असते, दोन जास्त असते तर हसत हो म्हणाले असते. देवानेही काय जागा निवडली होती.

मी या वेळी काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले म्हणा ना.

आबांनी उजव्या वाटीतले सहा दाणे बोटाने ढकलले. म्हणाले, "हे सहा कवाचे, ध्यानात हाये तुले? दोन-दोन माघारी एकाच वक्ती हातात आल्या तवाचे. दाट पेरलं तू. तीन नोको, दोन घाल." मग त्यांनी आभाळाकडे पाहिलं. मला वाटलं, आलंच आता ते वाक्य. पण नजर खाली आली आणि सरळ माझ्यावर थांबली.

"पेर," आबा म्हणाले.

दारात सुनंदाताई उभ्या होत्या. हाताला कणीक तशीच. त्यांनी तो शब्द चार वर्षांनी ऐकला होता.

आबा स्पर्धेला आले. मी सांगितलं नव्हतं, पण रविवारी सकाळी धुतलेलं धोतर नेसून माझ्याआधी फाटकात हजर. एसटीत खिडकीशी बसले आणि बुलढाण्यापर्यंत खिशातले दाणे फिरवत राहिले. मला आता काळजी स्पर्धेची नव्हतीच. मी हरले असते तर मला काय, पुढच्या वर्षी पुन्हा आले असते. पण आबांनी चार वर्षांनी एक शब्द दिला होता, आणि तो माझ्या हातून पडला तर ते पुन्हा कधी बोलणार नाहीत हे मला आईशप्पथ ठाऊक होतं.

एका कॉलेजच्या सभागृहात चाळीसेक खेळाडू. डेक जाहीर करताना माझ्या दोन माघारी बघून शेजारचा हसला, मॅडम अपडेट वाचला नाही का म्हणून. म्हटलं, वाचलाय बाबा, मोजलापण आहे. पहिल्या फेरीत जरा चाचपडले, मग गाडी रुळावर आली. संध्याकाळी पाचला अंतिम फेरीत मी आणि खामगावचा एक इंजिनिअर, एक-एक डाव जिंकून बरोबरीत. शेवटचा डाव भिंतीवर मोठ्या पडद्यावर दाखवत होते आणि आबा सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसून बघत होते.

त्या इंजिनिअरने पटावर एक हत्ती आणला. आणला तो आणला, चार खेपा त्यालाच चिलखत चढवत बसला. सोंडेला, पाठीला, पायाला. हत्ती वाट अडवून उभा, त्यामुळे माझे तीन छोटे सैनिक पुढे सरकेनात. पुढच्या खेपेला हत्ती एक पाऊल टाकणार आणि माझा खेळ संपणार. माझ्याकडे सात ऊर्जा होती. वणवा असता तरी त्याला नऊ लागली असती, हातातच कुजला असता. माझ्या हातात एक माघार होती. वावर हातचं जाऊन राहिलं होतं अगदी.

मी माघार टाकली. हत्ती उचलला गेला आणि मालकाच्या हातात परत. चिलखतं सगळी गळून पडली, कारण परत गेलेला सैनिक कोराच परत जातो. वाट मोकळी. माझे तीन किरकोळ सैनिक चालत गेले आणि खेळ संपवून आले. मी अशी ओरडले, की ते माझ्या क्लासच्या मुलांनी ऐकलं असतं तर ती पुन्हा मला घाबरली नसती. ढालबिल हातात आली, फोटो झाले. सगळे विचारायला लागले, की माघार घालायचं सुचलं कसं? मी म्हटलं, मला नका विचारू, त्यांना विचारा. आणि मागच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

अख्खा घोळका आबांभोवती. कुणीतरी फोन पुढे केला: आबा, हा दुसरा नवा पत्ता बघा, कसा वाटतो? आबांनी आभाळाकडे पाहिलं, पण वर सभागृहाचं छत होतं. मग म्हणाले, "आधी वीस दाने टाका. मंग सांगतो." इतक्या ताठ मानेने सांगितलं की मला भर सभागृहात रडू फुटलं. मी ते लपवलंही नाही.

परतीच्या एसटीत आबांनी एवढंच विचारलं की दिवसभरात माघार कितीदा हातात पडून राहिली. मी म्हटलं, दोनदा. त्यांनी खिशातले दोन दाणे काढून खिडकीबाहेर टाकले. चिखलीला उतरताना म्हणाले, "परवा साखरखेर्ड्याले जाऊ. पेरनी तोंडावर आली."

आम्ही तिघं गेलो. भगवान अंगणात बसला होता, आम्हाला बघून उठूनच उभा राहिला. आबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "भगवान, त्या साली पोतं हललं होतं. मी परत पाह्यलं नाई. चूक माही हाये."

भगवान खाली बघत म्हणाला, "पोते मीच फेकले होते आबा, ट्रॉलीतून. घाई होती. बजारात तुमाले बोललो, मंग कोन्त्या तोंडानं सांगू?"

चार वर्षं! एक चिखलीत गप्प, एक साखरखेर्ड्यात गप्प. दोघांना दोन रट्टे द्यावेत असं वाटलं मला, आणि मिठीही मारावीशी वाटली. आबा मात्र भगवानकडे बघून म्हणाले, "गोनपाट आन."

आबा तिथेच राहिले, आणि पाचव्या दिवशी मी सुनंदाताईंबरोबर मुद्दाम पुन्हा गेले. भगवानच्या ओट्यावर सात घरांची सात गोणपाटं ओळीने गुंडाळून ठेवलेली होती. आबांनी एकेक उघडलं, कोंब मोजले. पाच वेळा पेर म्हणाले, दोन वेळा बजार दाखव म्हणाले, आणि ज्यांना बजार दाखव म्हटलं तेही मान डोलावून गेले. भगवानची पोती वावराच्या बांधावर उतरवली तेव्हा आबा स्वतः ट्रॉलीपाशी उभे होते. तिथेही त्यांनी शंभर दाणे काढून घेतलेच.

आता आबा साखरखेर्ड्यालाच असतात. ओटा मला सुना वाटतो, हे मी त्यांना फोनवर सांगितलंय. महिन्याला नवे पत्ते आले की त्यांचा फोन येतो, दाणे टाकले का म्हणून, आणि नसले टाकले तर बोलणी खाते. ग्रुपवर मी आता ठणकावून काही लिहीत नाही. वीस होईपर्यंत दम धरते.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या पाचव्या दिवसाची संध्याकाळ. लोक गेले होते. सुनंदाताईंनी भगवानच्या चुलीवर चहा केला आणि आबांच्या हातात कप देताना सवयीने विचारलं, "कसा झाला, आबा?"

आबांनी एक घोट घेतला. "लय गोड झाला," ते म्हणाले. "तुह्या चहात साखर नेहमीच जास्त असते."

सुनंदाताई बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "मग चार वर्षं मुकाट्यानं पीत होतात?"

"हाव," आबा म्हणाले. "आता नाई पीत."

त्यांनी कप परत दिला. सुनंदाताईंनी पातेलं विसळलं आणि दुसरा चहा मांडला.